घटक ६ : परभाषिक शब्दांचा उच्चार आणि लेखन – ‘वर्ट’ की ‘वॉर्ट’?

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला एखाद्या परभाषिक शब्दाचा मूळ उच्चार कसा शोधावा, तो मराठीच्या ध्वनिव्यवस्थेत कसा बसतो आणि देवनागरीत कसा लिहावा, हे सांगता येईल. मराठीतील ‘च’ व ‘ज’ यांच्या दुहेरी उच्चारांचे स्वरूप स्पष्ट करता येईल. वऱ्हाडी बोलीतील काही ध्वनिविशेष ओळखता येतील. या सर्वांसाठी प्रामुख्याने एकच शब्द उदाहरण म्हणून घेतला आहे. तो बिअर तयार करण्याच्या व्यवसायातील आहे. मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात हा शब्द कसा आला, याचे उत्तर प्रास्ताविकात मिळेल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मुक्त विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी नोकरी सांभाळून शिकतात. काही वर्षांपूर्वी माझ्या संपर्कसत्रात बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा या गावचा एक विद्यार्थी होता. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे अनेक कारखाने आहेत. त्यांपैकी एकात तो पाळीवर काम करी आणि रविवारी वर्गाला येई. ध्वनिविचाराच्या तासाला त्याने विचारले, “सर, लिहिलेला शब्द वाचताना चुकू नये म्हणून काही नियम असतो का?”

या प्रश्नामागची हकीकत त्याने नंतर सांगितली. कामावर लागल्यावर त्याला एक इंग्रजी माहितीपुस्तिका देण्यात आली होती. तीत डब्ल्यू, ओ, आर, टी या चार अक्षरांचा एक शब्द पानोपानी होता. त्याने तो मनात ‘वॉर्ट’ असा वाचला आणि बैठकीत मोठ्याने म्हणताना तोंडातून ‘वार्ट’ बाहेर पडले. वरिष्ठ हसले, मग सगळेच हसले. त्या दिवसापासून त्याने तो शब्द उच्चारणे टाळले. एका रात्रपाळीत शीतकातून बाहेर येणारा द्रव पुरेसा थंड झालेला नाही, हे त्याच्या लक्षात आले. ते सांगायचे तर तोच शब्द उच्चारावा लागणार होता. तो काही वेळ गप्प राहिला. शेवटी धीर करून त्याने ‘तो रस गरमच येतोय’ असे सांगितले, तोवर उशीर झाला होता. नुकसान किती झाले ते मला ठाऊक नाही. मात्र त्याचा ठपका त्याच्यावर आला.

त्या तासाला मी त्याला उच्चाराचे एक-दोन नियम सांगितले आणि पुढे गेलो. आज मला वाटते की ते उत्तर अपुरे होते. हा घटक त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई आहे.

६.३ वस्तू आणि तिचे नाव

शब्दाचा उच्चार पाहण्याआधी तो कोणत्या वस्तूचे नाव आहे, ते समजून घेऊ. बिअरसाठी जव भिजवून त्यांना मोड आणतात आणि मोड आलेले धान्य गरम हवेत वाळवतात. या धान्याला मॉल्ट म्हणतात. आपल्या घरी नाचणीचे सत्त्व करताना नाचणी भिजवणे, तिला मोड आणणे आणि ती वाळवून दळणे ही जी कृती होते, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. वाळवलेले मॉल्ट भरडून सुमारे ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ठेवले, की धान्यातील विकरे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. मग चोथा वेगळा करून गोड द्रव गाळून घेतात. हॉप या वेलीची फुले घालून तो उकळतात, थंड करतात आणि त्यात यीस्ट मिसळतात. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क तयार करते. त्यानंतर त्या द्रवाला बिअर म्हणतात. यीस्टचे काम सुरू होण्याआधीचा जो गोड द्रव, त्याचे इंग्रजी नाव म्हणजे आपला शब्द. माझ्या विद्यार्थ्याने त्याला अडचणीच्या वेळी ‘रस’ म्हटले, ते मराठी म्हणून अगदी योग्य होते. उसाच्या रसालाही आपण गूळ होण्याआधी रसच म्हणतो.

या शब्दाचा कोशात प्रथम दिला जाणारा उच्चार ‘वर्ट’ असा आहे. ‘शर्ट’ या शब्दाशी तो यमकात बसतो. ‘कोर्ट’ किंवा ‘शॉर्ट’ यांच्याशी बसत नाही. मात्र अमेरिकेतील मेरियम-वेबस्टर कोशात ‘वर्ट’बरोबर ‘वॉर्ट’ हा उच्चारही नोंदलेला आहे. म्हणजे त्या बैठकीत जे हसले, त्यांना स्वतःलाही पुरते ठाऊक नव्हते. दोन उच्चारांपैकी एक अधिक रूढ असणे आणि दुसरा हास्यास्पद असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

६.४ लिपी एक सांगते, उच्चार दुसरे

इंग्रजीचे वर्णलेखन बेभरवशाचे आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. ही तक्रार अर्धीच खरी आहे. पुढील जोड्या पाहा. डब्ल्यू-ए-आर-डी याचा उच्चार वॉर्ड, तर डब्ल्यू-ओ-आर-डी याचा वर्ड. डब्ल्यू-ए-आर-एम म्हणजे वॉर्म (उबदार), तर डब्ल्यू-ओ-आर-एम म्हणजे वर्म (किडा). डब्ल्यू-ए-आर-टी म्हणजे वॉर्ट (चामखीळ), तर डब्ल्यू-ओ-आर-टी म्हणजे वर्ट. तिन्ही जोड्यांत एकच व्यवस्था आहे. ‘डब्ल्यू’नंतर ‘ए-आर’ आले की ‘ऑ’ ऐकू येतो आणि ‘ओ-आर’ आले की ‘अ’. अक्षराकडे पाहून जे वाटते, त्याच्या नेमके उलट घडते, परंतु घडते ते नियमाने. वर्क, वर्ल्ड, वर्स्ट, वर्थ, वर्शिप हे शब्द याच रांगेत बसतात. ‘वेअर’ या क्रियापदाची ‘वोर’ व ‘वोर्न’ ही भूतकाळाची रूपे तेवढी या रांगेबाहेर राहतात.

असे का झाले? प्राचीन इंग्रजीत हा शब्द ‘विर्ट’ यासारखा होता. त्यातला स्वर ओठ गोल करून म्हटलेल्या ‘इ’सारखा होता. वनस्पती आणि मूळ असे अर्थ असलेला त्याच रूपाचा शब्दही प्राचीन इंग्रजीत होता आणि तो ‘सेंट जॉन्स वर्ट’, ‘मगवर्ट’ अशा वनस्पतींच्या नावांत आजही टिकून आहे. ‘वर्म’ हा शब्दही अशाच स्वराचा होता. पुढे ‘व’च्या सान्निध्यात या स्वरांना ‘उ’कडे झुकणारे वळण लागले. त्या काळच्या हस्तलिखितांत यू, व्ही, डब्ल्यू, एम, एन ही अक्षरे सारख्याच उभ्या रेघांनी लिहीत. ती शेजारी आली की वाचकाचा गोंधळ होई. म्हणून लेखक अशा ठिकाणी ‘यू’ऐवजी ‘ओ’ लिहू लागले. ‘लव्ह’, ‘सन’ (मुलगा), ‘वंडर’ या शब्दांतील ‘ओ’ असाच आलेला आहे. म्हणजे ‘वर्ट’मधील ‘ओ’ हे उच्चाराचे चिन्ह म्हणून आलेले नाही. वाचकाची सोय म्हणून ते आले, आणि आजच्या वाचकाची त्यानेच गैरसोय केली.

पुढील टप्पा अधिक रंजक आहे. ‘र’च्या आधीचे ‘इ’, ‘ए’, ‘उ’ हे निरनिराळे स्वर इंग्लंडमधील प्रमुख बोलीत कालांतराने एकाच स्वरात मिसळले. त्यामुळे इंग्रजीत ‘शर्ट’ आय अक्षराने, ‘टर्म’ ई अक्षराने, ‘नर्स’ यू अक्षराने आणि ‘वर्क’ ओ अक्षराने लिहितात, पण चारही शब्दांत स्वर एकच असतो. आता हे चार शब्द आपण मराठीत कसे लिहितो ते पाहा : शर्ट, टर्म, नर्स, वर्क. चारही ठिकाणी ‘अ’! इंग्रजी लेखन जे लपवते ते मराठी लेखनाने अचूक पकडले आहे. हे कोणा तज्ज्ञांच्या समितीने ठरवलेले नाही. ऐकून लिहिणाऱ्या सामान्य मराठी माणसाच्या कानाने ते केले.

म्हणून माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर असे : अनोळखी शब्द दिसला, तर त्याच घडणीचा ओळखीचा शब्द आठवा. ‘पासवर्ड’, ‘नेटवर्क’, ‘वर्कशॉप’, ‘होमवर्क’ हे शब्द आपण रोज वापरतो. ‘पासवॉर्ड’ असे कोणी म्हणत नाही. त्याच वाटेने गेले असता ‘वर्ट’ आपोआप सापडतो.

६.५ मराठीत उच्चार कसा रुळतो

इंग्रजी ‘वर्ट’मधील स्वर मराठीतील ‘अ’पेक्षा दीर्घ आहे. आपण तो ऱ्हस्व करतो. ब्रिटिश बोलणारा ‘र’ गिळतो, आपण तो स्पष्ट उच्चारतो. इंग्रजीतील अखेरचा ध्वनी हिरडीवर जीभ टेकवून निघतो. आपल्या कानाला तो मूर्धन्य ‘ट’ वाटतो. शिवाय मराठीत शब्दाच्या शेवटी जोडाक्षर आले की त्यातील ‘अ’ किंचित ऐकू येतो. ‘वर्ग’, ‘शब्द’, ‘मित्र’ हे शब्द म्हणून पाहा. तोच हलका ‘अ’ ‘वर्ट’च्या शेवटीही येतो. म्हणून तेथे पाय मोडण्याची गरज नाही. या सर्व बदलांना दोष मानू नये. परका शब्द यजमान भाषेच्या घरात राहायला आला की घराची रीत पाळतो. ‘पगार’, ‘चावी’, ‘बटाटा’, ‘पाव’ हे पोर्तुगीज शब्द आपण त्यांच्या मूळ उच्चारात परत पाठवत नाही.

‘ऑ’ची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. हा स्वर मराठीच्या मूळ साठ्यात नव्हता, इंग्रजी शब्दांबरोबर आला. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना मराठी वर्णमालेत अधिकृत स्थान मिळाले. तत्पूर्वी अनेक दशके आपण ते लिहीतच होतो. तरीही ग्रामीण बोलींनी हा पाहुणा पूर्णपणे स्वीकारलेला नाही. तेथे ‘ऑ’चा ‘आ’ होतो : डॉक्टरचा डाक्टर, कॉलेजचे कालेज, हॉटेलचे हाटेल, फॉर्मचा फारम. आता बैठकीत ‘वॉर्ट’चा ‘वार्ट’ का झाला, ते आपल्या ध्यानात येईल. साखरखेर्ड्याच्या त्या मुलाने काहीही वेडेवाकडे केले नव्हते. त्याच्या बोलीचा नियम त्याने नव्या शब्दाला काटेकोरपणे लावला होता. ‘फारम’मध्ये आणखी एक प्रक्रिया दिसते. जोडाक्षर सुटे करण्यासाठी मध्ये स्वर येतो, तिला स्वरभक्ती म्हणतात. ‘कोर्ट’चे ‘कोरट’ याच रीतीने होते.

जाता जाता एक नमूद करतो. ज्या दुकानात हे पेय मिळते त्याच्या पाटीवर महाराष्ट्रभर ‘बिअर शॉपी’ असे लिहिलेले असते. ‘शॉपी’ हा शब्द इंग्रज माणसाला दुकान या अर्थाने ठाऊक नाही. तो आपण घडवला आहे. ‘बिअर’चे ‘बियर’ होणेही स्वाभाविक आहे, कारण ‘इ’ आणि ‘अ’ लागोपाठ आले की मध्ये ‘य’ सरकतोच. पाटीवर दोन्ही रूपे आढळतात. माझ्या मते त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

६.६ जव, चूल आणि जर्मन शब्द

बिअरची परिभाषा मोठ्या प्रमाणात जर्मन भाषेतून आली आहे. ज्या द्रवाला इंग्रज ‘वर्ट’ म्हणतो, त्याला जर्मन माणूस ‘व्यूर्त्सं’ यासारखे काही म्हणतो. मॉल्टला तो ‘माल्त्स’ म्हणतो. या दोन्ही शब्दांतील ‘त्स’ हा एकसंध ध्वनी आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला शब्दाच्या आरंभी तो आला की अडखळायला होते. हिंदी भाषकालाही तो परका आहे. मराठी माणसाच्या मात्र तो तोंडात जन्मापासून आहे. ‘चूल’, ‘चाक’, ‘चोर’, ‘चांगला’ या शब्दांतील ‘च’ म्हणजे जवळजवळ तोच ध्वनी.

मराठीत ‘च’ दोन आहेत, हे आपण मागील घटकात पाहिले. ‘चंद्र’, ‘चिंच’, ‘चेहरा’ यांतील तालव्य आणि ‘चूल’, ‘चोर’ यांतील दंततालव्य. ‘ज’चेही तसेच. ‘जग’ म्हणजे विश्व, हा तत्सम शब्द तालव्य ‘ज’ने म्हणायचा. ‘जग’ हे ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप दंततालव्य ‘ज’ने. ‘जरा’ म्हणजे वार्धक्य आणि ‘जरा’ म्हणजे थोडेसे, यांतही हाच भेद आहे. स्थूल नियम असा : इ, ई, ए आणि य यांच्यापूर्वी, तसेच तत्सम शब्दांत तालव्य. अन्यत्र तद्भव व देशी शब्दांत दंततालव्य. ‘चार’ ही संख्या अपवाद वाटते, पण जुन्या मराठीत ती ‘च्यारि’ होती. लिहिण्यातला ‘य’ गेला, उच्चारातला तालव्यपणा राहिला.

आता ‘जव’ घ्या. संस्कृत ‘यव’चा आरंभीचा ‘य’ प्राकृतात ‘ज’ झाला, जसा ‘योगी’चा ‘जोगी’ आणि ‘युग’चे ‘जुग’. हा शब्द तद्भव असल्याने मराठीत तो ‘जवळ’मधील ‘ज’ने उच्चारला जातो. याउलट वेग या अर्थाचा ‘जव’ तत्सम आहे आणि त्यातला ‘ज’ तालव्य आहे. लिपीत दोन्ही सारखेच! तेव्हा इंग्रजी लेखनाला हसण्यापूर्वी आपल्याही घरात डोकवावे. मराठी शिकणारा परभाषक ‘चूल’ तालव्य ‘च’ने म्हणतो, तेव्हा तोही आपल्या विद्यार्थ्याप्रमाणेच लिहिलेल्या अक्षरावर विश्वास ठेवून फसलेला असतो.

६.७ वऱ्हाडी मुखातून

ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीची नोंद आहे. त्या बोलीचे ठळक विशेष आपण ऐकून ओळखतो. ‘ळ’चा ‘य’ होतो : डोळा – डोया, काळा – काया. ‘ण’चा ‘न’ होतो : पाणी – पानी. ‘इ’पूर्वीचा ‘व’ लोपतो : वीस – ईस, विस्तव – इस्तो. साखरखेर्डा हे गाव सिंदखेड राजा तालुक्यात, मराठवाड्याच्या सीमेजवळ आहे. तेथील बोलीत दोन्ही प्रदेशांचे मिश्रण आढळते. एकाच घरात आजी ‘डोया’ म्हणते आणि नातू ‘डोळा’.

या विशेषांची चाचणी मद्यनिर्मितीच्या शब्दांवर करून पाहू. ‘मळी’ची ‘मयी’ होते आणि ‘गूळ’चा ‘गुय’. ‘गाळणे’चे ‘गायने’ झाले की नवख्या श्रोत्याला गाण्याचा भास होतो. पाठ्यपुस्तकातील ‘किण्वन’ हा शब्द ‘किन्वन’ असा ऐकू येतो. त्यातील ‘किण्व’ कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात आलेला आहे. बोलीत मात्र ‘आंबवणे’च चालते, आणि ते मला अधिक पसंत आहे. ‘यीस्ट’मधील आरंभीचा ‘यी’ मराठीला मुळातच अपरिचित, म्हणून तो शब्द ‘ईस्ट’ होतो. पण ‘वर्ट’मध्ये ‘व’नंतर ‘अ’ आहे. ‘वखर’, ‘वरण’, ‘वर’ म्हणणाऱ्याला तेथे काहीच अडचण नाही. वऱ्हाडी जिभेला ‘वॉर्ट’पेक्षा ‘वर्ट’ कितीतरी सोपा आहे. अडचण जिभेची नव्हती. तो शब्द त्या मुलाने कानाने ऐकण्याआधी डोळ्यांनी वाचला, इतकेच.

६.८ साखर आणि शकर

त्या वरिष्ठांविषयी विद्यार्थ्याने एक गोष्ट हसत सांगितली होती. हजेरीपटावर गावाचे नाव रोमन लिपीत होते. ते त्यांनी ‘साखरखेरदा’ असे वाचले आणि पुढेही तसेच वाचत राहिले. रोमन ‘डी’ हे अक्षर ‘द’ आणि ‘ड’ या दोन्हींसाठी वापरतात. ऐकल्यावाचून त्यांतला कोणता, हे कळायला मार्ग नाही. मुलाने दुरुस्ती केली नाही.

या गावाचे नाव बाहेरच्यांनी निराळे लिहिण्याची परंपरा जुनी आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझ खान यांच्यात लढाई झाली. तीत मुबारिझ खान मारला गेला आणि दख्खनमध्ये निजामाच्या स्वतंत्र सत्तेचा पाया पडला. इतिहासग्रंथांत या लढाईचे स्थळ ‘शकरखेडा’ असे येते. येथे मात्र चूक नाही. संस्कृत ‘शर्करा’चे प्राकृतात ‘सक्करा’ झाले आणि त्यातून मराठी ‘साखर’ आली. फारसीतला ‘शकर’ त्याच कुळातला. इंग्रजी ‘शुगर’ अरबीमार्गे युरोपात पोहोचलेल्या याच शब्दाचे रूप आहे. ‘शकरखेडा’ लिहिणाऱ्या फारसी लेखकाने गावाच्या नावातील शब्द आपल्या भाषेतील सख्ख्या भावंडाने बदलला. आणि तोच शब्द ‘शर्करा’ या तत्सम रूपात, आज वर्टमधील गोडीचे प्रमाण सांगताना आपण वापरतो.

६.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘वॉर्ड’–‘वर्ड’ या जोडीतील नियम स्पष्ट करा आणि त्याच्या आधारे ‘वर्ट’चा उच्चार कसा निश्चित होतो ते लिहा.

२. पुढील शब्दांतील ‘च’ व ‘ज’ तालव्य आहेत की दंततालव्य, ते मोठ्याने उच्चारून ठरवा व कारण द्या : चुना, जीभ, जोगी, चित्र, जवस, जन्म, चाळणी.

३. ‘फॉर्म’ – ‘फारम’ या बदलात कोणत्या दोन ध्वनिप्रक्रिया घडल्या आहेत?

क्षेत्रीय कार्य : आपल्या कामाच्या ठिकाणी रोज वापरले जाणारे दहा परभाषिक शब्द निवडा. प्रत्येक शब्द किमान तीन सहकाऱ्यांच्या तोंडून, त्यांना न अडवता व न दुरुस्त करता, ऐका आणि जसा ऐकू आला तसा देवनागरीत नोंदवा. बोलणाऱ्याचे नाव लिहू नका, फक्त गाव लिहा. गावाचे नाव मात्र त्यालाच विचारा, तो ते ज्या रीतीने उच्चारेल त्याच रीतीने लिहा, आणि ही वही पुढील संपर्कसत्राला सोबत आणा.